घरातली जुनी दुर्बीण कोणत्या सालची?

मंडळी, महाड-पोलादपूरकडे जुनी दुर्बीण निघते ती बहुतेक वेळा फौजेतल्या माणसाच्या ट्रंकेतून. फौजी आंबवडे या गावाचं नावच त्याची साक्ष आहे. दुर्बिणीबरोबर एक गोष्टही येते, "आजोबांनी पहिल्या महायुद्धात वापरली." ती खरी की नाही, हे दुर्बीणच सांगते. फक्त भंगारवाल्याला द्यायच्या आणि ब्रासो मारायच्या आधी ती वाचायला हवी.

डोळ्याकडच्या बाजूला, प्रिझमवर जी दोन धातूची झाकणं असतात, त्यांवर बॅटरीचा उजेड तिरका पाडा. ब्रिटिश लष्करी दुर्बिणीवर तीन रेषांचा छोटा बाण दिसेल. ती सरकारी मालाची खूण. दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर तो माल रीतसर विकून काढलेला. शेजारी कारखान्याचं नाव, नंबर आणि पुष्कळदा साल. 'बायनो प्रिझम नंबर २, मार्क ३' असं कोरलेलं असेल, तर ती दुसऱ्या महायुद्धातली. म्हणजे पणजोबांची गोष्ट आजोबांच्या दुर्बिणीला चिकटली! उलटं मात्र होऊ शकतं. १९१७ ची दुर्बीण १९४२ च्या शिपायाच्या गळ्यात असू शकते, कारण कोरलेलं साल बनवल्याचं, वापरल्याचं नव्हे.

आणि हो, '७×५०' मधले ५० म्हणजे १९५० नव्हे. सातपट मोठं दिसतं आणि पुढची काच ५० मिलिमीटरची, एवढंच.

साल नसेल तर काचेत दिव्याचं प्रतिबिंब बघा. पांढरंच दिसलं तर काचेवर लेप नाही, घडण बहुधा दुसऱ्या महायुद्धापर्यंतची. निळसर-जांभळं असेल तर एकेरी लेप. झाइस कंपनीत तो १९३५ मध्ये निघाला, पण सर्रास झाला युद्धानंतर. हिरवट झाक बहुधा १९७० नंतरच्या अनेक थरांची. जुन्या काचेवर मागाहूनही लेप देत, म्हणून एकट्या रंगावर निकाल देऊ नका.

लष्करी नसलेल्यांत 'मेड इन यूएसएसआर' असेल, तर नंबराचे पहिले दोन आकडे बहुधा सालाचे असतात. ७८ म्हणजे १९७८. 'ऑक्युपाइड जपान' लिहिलेली १९५२ पर्यंतची.

आपल्या पावसात काचेला बुरशी धरते. म्हणून घरी स्क्रू काढू नका. प्रिझम जरा हललं की एकाचे दोन दिसतात. आधी अक्षरांचे फोटो काढा, मग कारागीर शोधा, आणि त्याला बजावून सांगा, झाकणं घासायची नाहीत.