दोन केसांएवढी वाट

डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, सपाट पसरता आला तर टपालाच्या तिकिटाएवढा भरेल: क्षेत्रफळ सुमारे ११०० चौरस मिलिमीटर, जाडी साधारण पाव मिलिमीटर. एवढ्याशा जागेत प्रकाश टिपणाऱ्या जवळपास १२ कोटी ६० लाख पेशी आहेत. सेकंदाला एक याप्रमाणे रात्रंदिवस मोजत बसलात, तर शेवटच्या पेशीपर्यंत पोचायला चार वर्षे लागतील. त्यांनी टिपलेले दृश्य मेंदूकडे नेणारे तंतू मात्र १२ लाखांच्या आसपास. ते त्याच वेगाने दोन आठवड्यांत मोजून होतील.

हे तंतू ज्या पेशींतून निघतात, त्या पडद्याच्या आतल्या थरांत असतात. या थरांना रक्त पुरवणारी मुख्य धमनी एकच. तिची रुंदी डोक्याचे दोन केस शेजारी ठेवावेत तेवढी, मिलिमीटरचा सुमारे सहावा भाग. मानेतल्या धमनीतून सुटलेला कोलेस्टेरॉलचा कण किंवा हृदयाकडून आलेली गुठळी तिथे अडकली, की त्या डोळ्यापुढे एकाएकी अंधार येतो. दुखत काहीच नाही. प्रकाश टिपणाऱ्या पेशींना मागच्या वेगळ्या जाळ्यातून रक्त मिळते, म्हणून त्या जगतात. पण त्यांचा निरोप पुढे नेणाऱ्या पेशी मरू लागतात.

किती वेळात? नेत्रतज्ज्ञ डॉ. सोहन सिंग हायरे यांनी ३८ वयस्क माकडांवर केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. धमनीतले रक्त ९७ मिनिटांपर्यंत अडले तरी पडद्याला कायमची इजा दिसली नाही. २४० मिनिटांनंतर मात्र झालेले नुकसान प्रचंड होते आणि भरून न येणारे होते. रक्त पूर्ण थांबले तर माणसाच्या डोळ्याला याहून खूपच कमी वेळ मिळतो, असे काही संशोधकांचे मत आहे.

पडद्याच्या शिरेतला अडथळा धमनीतल्या अडथळ्याहून कितीतरी अधिक आढळतो. २०१५ मध्ये जगात ३० ते ८९ वयाच्या सुमारे २ कोटी ८० लाख लोकांना तो असल्याचा अंदाज आहे. २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या जवळपास चौथ्या हिश्शाएवढा हा आकडा. पडद्यावर धमनी आणि शीर एकमेकींना ओलांडतात तिथे दोघींचे आवरण एकच असते. वाढत्या रक्तदाबाने कडक झालेली धमनी तिथे शिरेला दाबते. नळीचा व्यास निम्मा झाला, की तेवढ्याच दाबाखाली प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. मग रक्त तुंबते, पाणी झिरपते, पडद्याचा मध्य सुजतो आणि समोरचा चेहराच पुसट होतो. ही सूज उतरवण्यासाठी डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनमध्ये औषध असते बहुधा ०.०५ मिलिलिटर, म्हणजे एक थेंब. ते पुन्हा पुन्हा घ्यावे लागते, पण अनेकांची नजर त्याने सुधारते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना अचानक एका डोळ्याने दिसेनासे झाले, तर "मोतीबिंदू असेल, सोमवारी दाखवू" असे कृपा करून म्हणू नका. दृष्टिपटल हा मेंदूचाच भाग आहे आणि त्याच्या धमनीतला अडथळा हा पक्षाघाताचाच एक प्रकार. पक्षाघातावर तातडीने उपचार होतात अशा रुग्णालयात त्यांना त्याच क्षणी न्या. आणि रोज सकाळी एकेक डोळा झाकून भिंतीवरची दिनदर्शिका वाचायची सवय लावा. एका डोळ्याची उणीव दुसरा झाकून टाकतो, आणि हातातला वेळ, मग तो ९७ मिनिटांचा असो वा त्याहून कमी, आपल्या लक्षात आल्यापासून नाही, रक्त थांबल्यापासून मोजला जातो.