भातशेती आणि खताचा भाव

पीक बुडालें म्हणजे शेतकरी आळशी, असें कांहीं सद्गृहस्थ आम्हांस बोलून दाखवितात. त्यांनीं श्रीलंकेचें उदाहरण पाहावें. मे २०२१ मध्यें तेथील सरकारनें रासायनिक खताची आयात एकाएकीं बंद केली. तितकें सेंद्रिय खत देशांत सिद्ध नव्हतें. बंदी नोव्हेंबरांत उठली, पण ‘महा’ हंगामाच्या पेरण्या ऑक्टोबरापासूनच चालू होतात, आणि तोंवर जगभर खताचे भावही भडकले होते. हुकूम मागें घेतां येतो, हंगाम येत नाहीं, हें आम्हां वकिलांस जरा उशिराच उमगतें. मग कोणीं कमी शेत लाविलें, कोणीं खताविना लाविलें, कोणीं घरापुरतेंच पिकविलें. व्यापारी मंडळींस हा हिशेब समजाविणें नको: खताचे पैसे आज, भाताचा भाव चार महिन्यांनीं, आणि तोही अनिश्चित. उत्पन्न घसरलें; त्यांत परकीय चलनही आटलेलें. २०२२ च्या मध्यास सुमारें ६३ लक्ष माणसें अन्नटंचाईंत असल्याचें संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनीं नोंदविलें.

यास्तव विनंति कीं, धान्य धाडावेंच. परंतु देणगीचा कांहीं भाग बीं व खत यांकरितां निराळा ठेवून पेरणीपूर्वीं आमच्याकडे पोंचवावा, व देणगीपत्रावर तसें स्पष्ट लिहावें.