भुसावळचा रिकी, प्रेस्टनचा हेपोलेट

१८७० साली जबलपूरला दोन लोहमार्ग जोडले गेले आणि मुंबईहून कलकत्त्यापर्यंत रेल्वेने जाण्याची सोय झाली. या वाटेवरच्या भुसावळ, जबलपूरसारख्या गावांत रेल्वेच्या आधाराने अँग्लो-इंडियन समाज रुजला. संविधान सभेत या समाजाची बाजू मांडणारे फ्रँक अँथनी जन्माने जबलपूरचे. तर इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये तीनशेहून अधिक सामने खेळलेला रिकी हेपोलेट भुसावळचा.

रिकी जन्मला ८ एप्रिल १९४९ रोजी. संविधानाने रेल्वे, कस्टम, टपाल-तार खात्यांतल्या अँग्लो-इंडियनांच्या राखीव जागा ठेवल्या खऱ्या, पण त्या दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपणार होत्या. दुसरीकडे १९४८च्या ब्रिटिश कायद्याने राष्ट्रकुलातल्या लोकांना ब्रिटनमध्ये स्थायिक व्हायची मुभा होती. ती १९६२ साली आवळली गेली. या मधल्या काळात अनेक कुटुंबांनी बोट पकडली. रिकीही लहानाचा मोठा झाला तो इंग्लंडमधल्या बोल्टनमध्ये.

इंग्लंडमधलं लीग फुटबॉल म्हणजे तेव्हा चार विभाग आणि ९२ क्लब. १९६१पर्यंत खेळाडूला आठवड्याला २० पौंडांहून जास्त पगार देता येत नसे. खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली तेव्हा कुठे ही मर्यादा उठली. मग फुलहॅमच्या जॉनी हेन्सला १०० पौंड मिळू लागले. खालच्या विभागांत मात्र पैसा बेताचा, मैदानं चिखलाची आणि करार संपला तरी क्लब बदलायचं स्वातंत्र्य नाही. ते मिळायला १९७८ साल उजाडलं.

रिकी मधल्या फळीत खेळायचा. त्याचा पहिला क्लब प्रेस्टन नॉर्थ एंड. १८८८-८९ची पहिलीवहिली लीग एकही सामना न हरता जिंकणारा हा क्लब १९७० साली प्रथमच तिसऱ्या विभागात घसरला. पुढच्याच हंगामात अ‍ॅलन बॉल (थोरले) यांच्या हाताखाली त्याने तो विभाग जिंकला. त्या संघात रिकी होता.

१९७२मध्ये तो लंडनच्या ओरिएंटला गेला. १९७३-७४चा हंगाम या क्लबला चटका लावणारा ठरला. पहिल्या विभागात जायला शेवटच्या सामन्यात अ‍ॅस्टन व्हिलाला हरवणं भाग होतं. सामना सुटला १-१ असा. बढती मिळवणाऱ्या कार्लाइलचे ४९ गुण, ओरिएंटचे ४८. अव्वल विभागाचं दार एका गोलाने बंद झालं. त्याच क्लबमध्ये पुढे आलेला लॉरी कनिंगहॅम १९७९ साली रेआल माद्रिदला पोचला. रिकीच्या वाट्याला क्रिस्टल पॅलेस, चेस्टरफील्ड आणि पीटरबरो आले.

म्हणून ही कारकीर्द फसली म्हणायची का? मुळीच नाही. लीगचा डोलारा अशाच खेळाडूंच्या खांद्यावर उभा होता: शनिवारी खेळायचं, सोमवारी सरावाला हजर व्हायचं, क्लब नको म्हणाला की दुसरं गाव गाठायचं. असं दशकभर टिकून राहणं येरागबाळ्याचं काम नव्हे.

इंग्लिश फुटबॉलमध्ये आपली माणसं का दिसत नाहीत, अशी चर्चा अधूनमधून रंगते. ती करताना कलकत्त्यात जन्मलेला, नॉर्विचचा गोलरक्षक केव्हिन कीलन आणि भुसावळचा हेपोलेट ही नावं विसरली जाऊ नयेत. जळगाव जिल्ह्याच्या क्रीडा इतिहासात रिकीला मानाचं पान मिळायला हवं.