दहावीच्या उंबरठ्यावर चित्रकलेचे काय होते?

बनशंकरी हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. बदामीजवळची ही देवी महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलदेवता आहे. बंगळुरूच्या दक्षिण भागातील एका मोठ्या वसाहतीलाही तिचेच नाव मिळाले आहे. या वसाहतीच्या तिसऱ्या टप्प्यात कर्नाटकाच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण विभागाचे कार्यालय आहे. राज्यातील शाळांचा अभ्यासक्रम आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांची सूत्रे येथून हलतात. राज्याची पाठ्यपुस्तके कन्नड, इंग्रजी, उर्दू यांबरोबरच मराठीतही निघतात. त्यामुळे बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या मराठी शाळेतील मुलाने काय शिकावे, हे मुंबईत किंवा पुण्यात नव्हे, तर बनशंकरीत ठरते.

भाषा, गणित आणि विज्ञान यांच्या बाबतीत हा फरक फारसा जाणवत नाही. कलाशिक्षणाच्या बाबतीत मात्र तो ठळकपणे दिसतो. कर्नाटक आणि महाराष्ट्र या शेजारी राज्यांनी माध्यमिक शाळेतील कलेचा प्रश्न दोन निराळ्या मार्गांनी हाताळला आहे.

कर्नाटकातील व्यवस्था

कर्नाटकातील दहावीची, म्हणजे एसएसएलसीची परीक्षा दीर्घकाळ सहा विषयांवर आणि ६२५ गुणांवर आधारलेली राहिली आहे. प्रथम भाषेला १२५ आणि उरलेल्या पाच विषयांना प्रत्येकी १०० गुण, अशी तिची रूढ रचना. या बेरजेत चित्रकला, संगीत किंवा नाट्य यांना स्थान नाही. कलाशिक्षण, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांचे मूल्यमापन शाळेच्या पातळीवर होते आणि त्यांना गुणांऐवजी श्रेणी दिली जाते. राज्यात चित्रकलेच्या कनिष्ठ व उच्च श्रेणीच्या स्वतंत्र परीक्षाही घेतल्या जात आल्या आहेत. परंतु त्या दहावीच्या निकालापासून वेगळ्या आहेत.

कलेची तुलना गुणांनी करू नये, हे तत्त्व शिक्षणतज्ज्ञांना मान्य होण्याजोगे आहे. अडचण व्यवहारात येते. ज्या विषयाचे गुण निकालात मिळवले जात नाहीत, त्याचा तास दहावीच्या वर्षात सर्वांत आधी मागे पडतो. पाठ्यक्रम पूर्ण करणे, सराव परीक्षा घेणे आणि शाळेचा निकाल उंचावणे या दडपणाखाली चित्रकलेचा तास गणिताला किंवा विज्ञानाला दिला जातो. श्रेणी मात्र नोंदवहीत भरली जाते.

महाराष्ट्रातील व्यवस्था

महाराष्ट्रात राज्याच्या कला संचालनालयाकडून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा घेतल्या जातात. १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेपासून जी कलाशिक्षणाची परंपरा वाढली, तिच्याशी या परीक्षांचे नाते आहे. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन हे त्यांचे परिचित विषय. मराठी घरांतील अनेक पिढ्यांनी या परीक्षांसाठी घोटीव अक्षरे गिरवली आहेत आणि मडक्याची छायाप्रकाशासह चित्रे काढली आहेत.

२०१७ मध्ये राज्य शासनाने या परीक्षेला दहावीच्या निकालाशी जोडणारी योजना निश्चित केली. त्यानुसार इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३ वाढीव गुण देण्याचे ठरले. शास्त्रीय कला व लोककलांमध्ये प्रावीण्य मिळविणाऱ्यांसाठीही अशीच तरतूद करण्यात आली. पाचशे गुणांच्या हिशेबात सात गुण म्हणजे एका टक्क्याहून थोडे अधिक. अकरावीच्या प्रवेशासाठी नामांकित महाविद्यालयांत दशांशाने स्पर्धा होत असताना हा आकडा क्षुल्लक ठरत नाही.

निपाणी आणि कागल या दोन गावांमध्ये केवळ राज्याची सीमा आणि काही मैलांचे अंतर आहे. दोन्ही ठिकाणी मराठीतून शिकणारी मुले आहेत. कागलच्या विद्यार्थ्याने काढलेले स्थिरचित्र त्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर परिणाम घडवू शकते. निपाणीच्या विद्यार्थ्याच्या हातात तितकेच कौशल्य असले, तरी त्याच्या एसएसएलसीच्या बेरजेत त्याची नोंद होत नाही.

गुणांनी काय साधते?

यावरून महाराष्ट्राचा मार्ग श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. गुणांमुळे पालकांचे लक्ष विषयाकडे वळते आणि मुख्याध्यापकांनाही त्याची दखल घ्यावी लागते, हे खरे. परंतु परीक्षेला जे विचारले जाते तेवढेच शिकवण्याची प्रवृत्ती येथेही बळावते. ठरावीक संकल्पचित्रे पाठ करून घेणारे खासगी वर्ग आणि साच्यातील स्मरणचित्रे ही त्याची लक्षणे आहेत. शिवाय वाढीव गुणांचा लाभ परीक्षेला बसणाऱ्यांनाच मिळतो. वर्गातील उरलेल्या मुलांना कलेचा तास मिळाला की नाही, हे त्यातून कळत नाही.

महाराष्ट्राने नववी-दहावीसाठी ‘स्वविकास व कलारसास्वाद’ हा श्रेणी विषय आणला, तो याच उणिवेमुळे उपयुक्त म्हणता येईल. चित्र काढता येणे आणि चित्र पाहता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात गृहीत आहे. मात्र हा विषयही श्रेणीचा असल्याने कर्नाटकात जाणवणारी अडचण त्यालाही लागू पडते.

कायद्यातील पोकळी

या प्रश्नाचे मूळ शिक्षकाच्या उपलब्धतेत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीत शंभराहून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळेसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्या अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. हा कायदा सहा ते चौदा वर्षे वयोगटापुरता, म्हणजे आठवीपर्यंतच लागू होतो. नववीत पाऊल टाकताच विद्यार्थ्याचा हा आधार सुटतो. त्यापुढे कलाशिक्षक मिळणे राज्याच्या नियमांवर, मंजूर पदांवर आणि ती पदे भरली जाण्यावर अवलंबून राहते.

राष्ट्रीय पातळीवरील दस्तऐवजांनी वेगळीच अपेक्षा व्यक्त केली आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी नेमलेल्या कलाविषयक गटाने दहावीपर्यंत कला सक्तीची करावी, अशी शिफारस केली होती. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९ मध्ये आपल्या शाळांना प्रत्येक वर्गासाठी आठवड्याला किमान दोन तास कलेसाठी राखून ठेवण्यास सांगितले. २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय आराखड्याने नववी-दहावीच्या विषयांत कलाशिक्षणाला इतर विषयांच्या बरोबरीने स्थान दिले आहे.

कर्नाटकाने मात्र २०२३ मध्ये राष्ट्रीय धोरणाऐवजी स्वतंत्र राज्य धोरण आखण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्यामुळे राष्ट्रीय आराखड्याने कलेला दिलेले स्थान कर्नाटकातील शाळांना आपोआप मिळणार नाही. ते राज्याला स्वतः द्यावे लागेल.

शिक्षक असला की काय घडते?

याचे उत्तर बेळगावच्याच इतिहासात सापडते. चित्रकार आणि कलाशिक्षक के. बी. कुलकर्णी यांनी या शहरात चित्रकलेची एक परंपरा घडविली. पुढे बोधचित्रकार आणि चित्रकार म्हणून नावाजलेले रवी परांजपे, ज्यांचा जन्म १९३५ मध्ये बेळगावात झाला, हे त्यांचेच विद्यार्थी. राजधानीपासून आणि मोठ्या कलासंस्थांपासून दूर असलेल्या गावातही एक जाणता शिक्षक किती काम करू शकतो, याचे हे उदाहरण होय.

अर्थात माध्यमिक शाळेतील कलेचा हेतू चित्रकार घडविणे एवढाच नाही. वर्गातील बहुसंख्य मुले पुढे कधी कुंचला हाती धरणार नाहीत. नीट पाहणे, प्रमाण ओळखणे, मनातील आकार कागदावर उतरविणे आणि दुसऱ्याने घडविलेल्या वस्तूतील विचार जाणणे या सवयी मात्र सुताराला, शल्यचिकित्सकाला आणि अभियंत्यालाही लागतात. या सवयींसाठी तेरा ते सोळा हे वय महत्त्वाचे असते. नेमक्या याच वयात आपली शाळा कलेचा तास काढून घेते.

गुण की श्रेणी, हा वाद म्हणूनच दुय्यम ठरतो. कोणत्याही धोरणाचे यश पाहण्यासाठी पालकांनी शाळेला दोन साधे प्रश्न विचारावेत. दहावीच्या वेळापत्रकात कलेचा तास आहे काय? आणि त्या तासाला वर्गात येणारा शिक्षक कलेचा आहे काय? या दोन्ही प्रश्नांना होकार मिळाला, तर बनशंकरीत किंवा मुंबईत तयार झालेला अभ्यासक्रम वर्गापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.