हरवलेली तबकडी आणि एक बदललेला शब्द

सबा दिवान यांचा ‘द अदर साँग’ हा दोन तासांचा माहितीपट 2009 मध्ये आला. त्यानंतर काही दिवसांतच दिल्लीतल्या एका लहानशा सभागृहात मी तो पाहिला होता. खुर्च्या अपुऱ्या होत्या, त्यामुळे आम्ही काही जण सतरंजीवर बसलो होतो. अलीकडे तो पुन्हा पाहिला. पहिल्या वेळी तो मला एका गायिकेविषयीचा चित्रपट वाटला होता. या वेळी तो राज्यसंस्थेविषयीचा वाटला, आणि म्हणूनच राष्ट्रीय धोरणांची चर्चा करणाऱ्या या सदरात त्याविषयी लिहीत आहे.

बनारसच्या रसूलनबाई हे ठुमरी-टप्प्यातले फार मोठे नाव. त्यांची भैरवीतली एक ठुमरी उत्तर भारतात अजूनही गायली जाते. फुलाचा चेंडू मारू नकोस, काळजाला लागतो, अशी प्रियकराला केलेली लाडिक तक्रार तिच्यात आहे. साठच्या दशकात तिच्याच धर्तीवरचे गाणे ‘दूज का चाँद’ या हिंदी चित्रपटात मन्ना डे यांच्या आवाजात, तेही विनोदी प्रसंगासाठी, आले आणि घराघरांत पोहोचले. पण 1935 मध्ये ग्रामोफोनसाठी गाताना रसूलनबाईंनी त्याच ठुमरीचे वेगळे रूप गायले होते. त्यात ‘करेजवा’च्या जागी ‘जोबनवा’ हा शब्द होता. करेजवा म्हणजे काळीज. जोबन म्हणजे यौवन, आणि बोलीत स्त्रीचे वक्षही. हे रूप त्या पुन्हा गायल्या नाहीत. ते लोकांच्या स्मरणातून गेले आणि तबकडीही दिसेनाशी झाली. त्या तबकडीच्या शोधात हा चित्रपट बनारस, लखनौ आणि बिहारमधील मुजफ्फरपूर असा फिरतो. वृद्ध गायिका, सारंगिये, तबलजी, संग्राहक अशा माणसांना भेटतो. शोधाचे पुढे काय होते, ते मी सांगणार नाही. चित्रपट मिळवून पाहावा.

एका शब्दाची जागा दुसऱ्याने घेतली, इतकीच ही गोष्ट असती तर ती संगीताच्या अभ्यासकांपुरती राहिली असती. परंतु देहाऐवजी हृदय असा हा बदल एकट्या रसूलनबाईंच्या मर्जीने झाला, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी येथे एक खुलासा केला पाहिजे. मराठीत ‘बाई’ हा आदराचा शब्द आहे. केसरबाई, मोगूबाई, हिराबाई ही नावे उच्चारताना कोणाला संकोच वाटत नाही, आणि शाळेतल्या शिक्षिकाही बाईच. उत्तरेत गायिकेच्या नावापुढचे ‘बाई’ तिचा पेशा सांगत असे. ती तवायफ आहे, कोठ्यावर गाते, असा त्याचा अर्थ होई. विसाव्या शतकाच्या मध्यावर या बाया एकेक करून ‘देवी’ किंवा ‘बेगम’ झाल्या. अख्तरीबाई फैजाबादी लग्नानंतर बेगम अख्तर झाल्या. रसूलनबाईंविषयी एक किस्सा सांगितला जातो. आकाशवाणीच्या केंद्रात लावलेल्या गायिकांच्या तसबिरी पाहून त्या म्हणाल्या म्हणे, की बाकी सगळ्या देवी झाल्या, बाई तेवढी मीच उरले. किस्सा शब्दशः खरा असो वा नसो, तसबिरींच्या त्या भिंतीचे वर्णन मात्र अचूक आहे.

वास्तविक ज्या तंत्राने हे संगीत घराघरांत नेले, त्याचा आरंभच या स्त्रियांच्या आवाजाने झाला. 1902 च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने गौहरजान यांचा आवाज मुद्रित केला. प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया त्या काळी यंत्रापुढे गात नसत आणि पुष्कळशा उस्तादांना तीन मिनिटांत राग उरकणे पटत नव्हते. ती जोखीम तवायफांनी घेतली. पुढे नभोवाणी आली तेव्हाही पहिल्या फळीत त्याच होत्या. मग 1946 च्या सुमारास, माहिती खाते सरदार पटेलांकडे असताना, ज्यांचे खासगी जीवन सार्वजनिक निंदेचा विषय आहे अशांना नभोवाणीवर स्थान देऊ नये, असा दंडक आला. निंदा कोण करतो आणि कोणत्या पुराव्यावर, हे त्यात विचारले जाणार नव्हते.

पटेलांच्या त्या निर्णयाला सांस्कृतिक धोरणाचे रूप दिले ते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी गृहस्थांनी. 1952 ते 1962 अशी दहा वर्षे ते माहिती व नभोवाणी मंत्री होते. चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून हद्दपार करून श्रोत्यांना रेडिओ सिलोनकडे पाठवणारे मंत्री म्हणून ते आज आठवतात. ते काहीसे अन्यायाचे आहे. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला आणि संस्थाने गेल्यावर उघड्यावर पडलेल्या शेकडो कलावंतांना आकाशवाणीचा आधार मिळाला. पण केसकरांची एक पक्की धारणा होती. मुसलमान उस्ताद आणि तवायफ यांच्या हाती गेल्यामुळे भारतीय संगीत बिघडले, ते सुशिक्षित, सभ्य हातांत परत आणले पाहिजे, असे त्यांना मनापासून वाटे. स्वरचाचणी, श्रेणी, करार ही सारी यंत्रणा त्याच दृष्टीने उभी राहिली. त्याच सुमारास जमीनदारी संपून आश्रयदाते गेले. 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याने पोलिसांना कोठ्यांत शिरण्याचे अधिकार दिले. गाणारी आणि देहविक्रय करणारी यांत फरक करण्याची तसदी जमादार घेत नसे.

रसूलनबाईंनी 1948 मध्येच मुजरा सोडला होता, कोठाही सोडला होता. 1957 मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. केसकरांच्याच कारकिर्दीत हा सन्मान झाला, हे नोंदवले पाहिजे. त्याचा मला लागलेला अर्थ असा, की राज्यसंस्थेचा विरोध व्यक्तीला नव्हता. आपला भूतकाळ पुसून आलेल्या व्यक्तीला ती हार घालायला तयार होती. पुढे 1969 च्या अहमदाबादच्या दंगलीत त्यांचे घर जाळले गेले. अखेरच्या दिवसांत त्या अलाहाबादला आकाशवाणी केंद्राजवळ चहाचे छोटेसे दुकान चालवत, असे सांगतात. 1974 मध्ये त्यांचे निधन झाले.

बनारसच्याच सिद्धेश्वरी देवींवर मणी कौल यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी चित्रपट केला आणि त्याला 1989 चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो अप्रतिम आहे, आणि तो सरकारी पैशातून झाला हे मी नेहमी आवर्जून सांगतो. रसूलनबाईंची कहाणी मात्र एका स्वतंत्र दिग्दर्शिकेने आपल्या हिमतीवर सांगितली. ‘द अदर साँग’ हा तीन चित्रपटांच्या मालिकेतला शेवटचा. ‘दिल्ली–मुंबई–दिल्ली’ हा पहिला, 2006 चा, मुंबईच्या डान्सबारमध्ये नाचायला येणाऱ्या मुलींविषयीचा. महाराष्ट्र सरकारने 2005 मध्ये बारमधील नृत्यावर बंदी घातली, उच्च न्यायालयाने ती 2006 मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निकाल कायम केला. राज्याने 2016 मध्ये नवा कायदा केला, त्यातल्याही अनेक अटी न्यायालयाला 2019 मध्ये काढून टाकाव्या लागल्या. त्या नर्तकींपैकी अनेक जणी पिढीजात नाचगाण्याच्या समाजांतून आल्या होत्या. स्त्रीची प्रतिष्ठा राखण्यासाठी तिची मिळकत थांबवण्याचा युक्तिवाद 2005 मध्ये नव्याने शोधावा लागला नाही. तो दप्तरात होताच.

आता तबकडीकडे वळू. 1935 ची ध्वनिमुद्रिका एखाद्या सरकारी संग्रहात सहज मिळायला हवी होती, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तशी तरतूदच नाही. 1954 च्या कायद्यानुसार भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्लीतील ग्रंथालयांना द्यावी लागते. 1956 मध्ये दुरुस्ती होऊन वृत्तपत्रेही त्यात आली. ध्वनिमुद्रिका आजतागायत आलेल्या नाहीत. एखाद्या सुमार कवितासंग्रहाची प्रत जपणे आपण कायद्याने बंधनकारक केले. रसूलनबाईंचा आवाज जपणे केले नाही. फ्रान्सने ध्वनिमुद्रिकांचे राष्ट्रीय भांडार दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच, 1938 मध्ये उभे केले होते.

कायद्याची दुसरी बाजूही गमतीची आहे. भारतात ध्वनिमुद्रिकेवरील स्वामित्वहक्क प्रकाशनापासून 60 वर्षे टिकतो. 1935 च्या तबकडीवरचा हक्क तर केव्हाच संपला. ती आज सर्वांची आहे, फक्त ती कोठे आहे ते सरकारला ठाऊक नाही. हे काम आजवर बहुतांशी हौशी माणसांनी केले. 1990 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने जुन्या तबकड्यांविषयी जितकी माहिती गोळा केली, तितकी एखाद्या मंत्रालयाने केली असती तर त्याचा गौरव झाला असता. संग्राहकाच्या मृत्यूनंतर मात्र त्याच्या वारसांना जागा हवी असते, आणि लाखेच्या तबकड्या वजनाला जड असतात.

पैसा नाही, हे उत्तर मला मान्य नाही. चित्रपटांच्या जतनासाठी राष्ट्रीय वारसा अभियान सुरू झाले, पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात त्याचे काम चालते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तेथेही स्वतंत्र माहितीपटाची प्रत जमा करण्याचे बंधन कोणावर नाही. दिवान यांच्या चित्रपटाची प्रत पुढच्या 70 वर्षांनी कोणाला शोधावी लागली, तर तिला त्याच मार्गाने, त्याच गल्ल्यांतून जावे लागेल. 1954 च्या कायद्यातील व्याख्येत ध्वनी आणि चित्र यांची भर घालणे हे एका छोट्या विधेयकाचे काम आहे. त्याला आज विरोध करील असा पक्ष मला दिसत नाही. मागणी करणाराही दिसत नाही, ही अडचण आहे.

काही वर्षांपूर्वी एका सरकारी संस्थेच्या ध्वनिसंग्रहात मी एका जुन्या ठुमरी गायिकेची फीत विचारायला गेलो होतो. अर्ज तीन प्रतींत द्यावा लागला. निवृत्तीला आलेल्या तेथील कर्मचाऱ्याने सौजन्याने जाडजूड नोंदवही काढून माझ्यापुढे ठेवली. उस्तादांच्या फितींपुढे नाव, घराणे, राग, ताल आणि साथीदार अशा सगळ्या रकान्यांत सुवाच्य अक्षरात मजकूर होता. मी शोधत होतो त्या सालाच्या पानावर चार फितींपुढे ‘ठुमरी, स्त्री-स्वर’ एवढेच लिहिलेले होते. नावाचा रकाना रिकामा होता. चारही फिती ऐकता येतील का, असे मी विचारले. यंत्र दुरुस्तीला गेले आहे, पुढच्या महिन्यात या, असे ते म्हणाले. मी गेलो, तेव्हा ते निवृत्त झाले होते.