गर्भिणी आणि ‘अ’ जीवनसत्त्व : मात्रेचा विवेक

काही वर्षांपूर्वी दोन महिन्यांची एक गर्भिणी अरुची व छर्दीची तक्रार घेऊन आमच्याकडे आली. तिच्या पिशवीत बहुजीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि माशाच्या यकृततेलाच्या कॅप्सूल होत्या. दोन्ही लेबलांवरील ‘अ’ जीवनसत्त्वाची बेरीज दिवसाला १०,००० आंतरराष्ट्रीय एककांपुढे गेली. त्यात रक्तवाढीसाठी बकऱ्याची कलेजी खाण्याचा सल्ला मागील भेटीत आम्हीच दिलेला! ‘पौष्टिक’ या शब्दाने सर्वांनाच निर्धास्त केले होते.

गर्भाच्या अवयवनिर्मितीस हे जीवनसत्त्व आवश्यकच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गर्भिणीसाठी दररोज ९०० मायक्रोग्रॅम पुरेसे असून कमाल मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे रेटिनॉलची सुमारे १०,००० एकके आहे. रॉथमन व सहकाऱ्यांनी १९९५ साली बावीस हजारांहून अधिक गर्भिणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूरक गोळ्यांतून याहून अधिक रेटिनॉल घेणाऱ्या मातांच्या अपत्यांत जन्मजात विकृती अधिक आढळल्या. विशेषतः सातव्या आठवड्यापूर्वी ते घेतले असता. म्हणजे अनेकींना गर्भधारणेची खात्री होण्याच्याच सुमारास.

गाजर, शेवग्याचा पाला, लाल भोपळा यांतील बीटा-कॅरोटीनचे रूपांतर शरीर गरजेनुसार करते. त्यामुळे या आहाराची भीती बाळगू नये. सावधगिरी हवी ती यकृत, यकृततेल आणि रेटिनॉलयुक्त गोळ्यांबाबत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नक्तांध्यावर यकृत सांगितले आहे. परंतु ती व्याधीची चिकित्सा आहे, प्रत्येक गर्भिणीची परिचर्या नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०११ मध्ये, जेथे याची कमतरता गंभीर आहे ते प्रदेश वगळता, गर्भिणींना हे पूरक सरसकट देऊ नये असेच सांगितले.

औषधविक्रेते बंधूंना विशेष विनंती : मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन याच कुळातील असून गर्भास अत्यंत घातक आहे. वैद्यकीय चिठ्ठीविना ते कदापि देऊ नये.

त्या भगिनीची यकृततेलाची कॅप्सूल आणि कलेजी आम्ही बंद केली व तिला प्रसूतितज्ज्ञांकडे पाठविले. बाळ निरोगी जन्मले. त्याचे श्रेय मात्र आमच्या दक्षतेला नाही. तेव्हापासून आमच्या रुग्णपत्रिकेत ‘अन्य औषधे व पूरके’ हा रकाना आहे. तो भरल्याशिवाय आम्ही गर्भिणीस साधे चूर्णही देत नाही.