जी मेलीच नाही, तिचा शोक

कराचीकडे निघालेली ‘आर१०१’ ही ब्रिटिश एअरशिप ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळली आणि ४८ जणांचा बळी गेला. ‘बिग फिनिश’च्या ‘डॉक्टर हू’ श्रुतिकामालिकेने या खऱ्या अपघातात एक काल्पनिक मुलगी बसवली. ‘स्टॉर्म वॉर्निंग’मध्ये (२००१) कालप्रवासी डॉक्टर तिला, म्हणजे चार्ली पोलार्डला, वाचवतो. इतिहासाच्या लेखी मात्र ती मेलेली!

रॉबर्ट शिअरमन यांच्या ‘द चाइम्स ऑफ मिडनाइट’मध्ये (२००२) हा तिढा आवळतो. चार्ली गेली या दुःखाने एडिथ ही घरकाम करणारी बाई जीव देते. पण चार्ली जिवंत असेल, तर एडिथ मेली कशाने? परिणाम आहे, कारणच नाही. हा ‘आजोबा-विरोधाभासा’चाच भाऊबंद: आजोबांना तरुणपणीच मारलं, तर मारणारा नातू जन्मला कसा?

भौतिकशास्त्राने हा प्रश्न हसण्यावारी नेलेला नाही. १९४९ मध्ये कुर्ट गोडेल यांनी दाखवलं, की आइन्स्टाइनच्या समीकरणांतून स्वतःच्याच भूतकाळात परतणारे मार्ग निघू शकतात. इगोर नोविकोव यांच्या मते, असा प्रवास झालाच तरी घडून गेलेलं बदलत नाही. नातवाचा नेम चुकणारच. स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये तर्क मांडला, की निसर्गनियम हे मार्ग तयारच होऊ देत नसावेत. तो अजून सिद्ध झालेला नाही.

नोविकोव यांच्या नियमात डॉक्टर चार्लीला वाचवून इतिहास बदलूच शकला नसता. विज्ञान सुटलं असतं, पण नाट्य संपलं असतं.